सतरा-अ, सतरा-ब

एकाच ओतातले दोन तुकडे.
अंबडच्या शेडमध्ये, लाइट गेलेली असताना,
मोबाइलच्या उजेडात मी खडूनं लिहिलं:
सतरा-अ. सतरा-ब.
दोघंही आतून पांढरे,
खडीसाखर फोडल्यासारखे,
आणि तितकेच हट्टी. वाकणार नाहीत, तुटतील.
लोखंडानं कार्बनला मुठीत आवळून ठेवलंय,
मूठ उघडायचं नाव नाही.

अ तसाच ठेवला.
ब हजार अंशांवर तापवून
वाल्मीकआप्पांच्या हातोड्याखाली दिला.
"पांढरं बीड ठोकतं का कुणी, मॅडम?
बिस्किटासारखं फुटंल."
तरी ठोकलं.
पातळ भाकरी थापावी इतक्या हलक्या हातानं,
नारिंगी रंग उतरला की परत भट्टीत,
परत ऐरणीवर.
तीस मिलिमीटरचा वीस झाला.
कडेला एक चीर गेली.
आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "बघा."

मग दोघांना एकाच पेटीत, वाळूत पुरून,
साडेनऊशे अंशांवर.
बाहेर जानेवारी. निफाडकडून येणारी थंडी
पत्र्याच्या फटीतून पायाशी,
आणि तोंडावर भट्टी.
मी तासातासाला एक चकती कापून घ्यायची,
पॉलिश करायची, बोटं काळी.

चौथ्या तासाला अ मध्ये
तीन-चार काळे ठिपके, दूर दूर,
पहाटेच्या स्टँडवर उभ्या माणसांसारखे.
आणि ब?
कढईत लाह्या फुटाव्यात तसे,
बारीक, दाट, जिकडेतिकडे,
हातोड्याच्या दिशेनं थोडे रांगेत.
मी दोनशेपर्यंत मोजले आणि पेन ठेवलं.
कार्बाइडचा पापुद्रा जिथे जिथे मोडला होता,
केसाएवढी पोकळी जिथे सुटली होती,
तिथे तिथे ग्राफाइट येऊन बसलं होतं.
बसायला जागा मिळाली, बस्स.

आप्पांना बोलावलं. एक डोळा मिटून
ते बराच वेळ लेन्सशी वाकून राहिले.
"म्हणजे मार खाल्ल्यावर मऊ आलं म्हणायचं."

हे मी रिपोर्टात लिहिलं नाही.
मार फक्त फट पाडतो.
मऊपणा आला तो नंतरच्या तासांतून,
वाळूत, अंधारात, कुणी हात न लावता.
आणि कडेची ती मोठी चीर
चार तासांनंतरही चीरच होती,
तिच्यात नुसता गंज-रंगाचा थर.
आप्पांच्या डाव्या कानात
एकतीस वर्षांचा हातोडा आहे.
तिथे काय येऊन बसलंय
ते माझ्या लेन्सखाली मावत नाही.

शेवटी दोन्ही तुकडे फरशीवर टाकले.
अ खणखणला, देवळातल्या घंटेसारखा.
ब पडला, जसं पोतं पडतं.
आप्पांनी उजवा कान पुढे केला, थांबले,
आणि ब कडे बोट करून विचारलं,
"हा वाजला का?"