सुधारणेचा रकाना

फाइल आता कपाटाच्या वर आहे, पिशवीत.
खाली काढायला स्टूल लागतं
आणि स्टुलावर शार्दूलची झाकणं मांडलेली असतात,
निळं, निळं, निळं, एक पांढरं, पुन्हा निळं.
ती हलवायची नाहीत.
म्हणून फाइल वरच.

काय नाही त्या फाइलीत!
गहू बंद. गाईचं दूध बंद, उंटिणीचं चालू,
डबा संपायच्या आत पगार संपायचा.
ठाण्यात एकाने त्याला काचेच्या पेटीत बसवलं,
दोन दिवस कान धरून फिरत होता.
दिव्याच्या कुणी मनगटात दोरा बांधला,
तो त्याने दातांनी तोडला.
तेव्हा मी रडले.
आता वाटतं, दातांना कळलं होतं.

दर महिन्याला एक कागद भरायचा.
नजरेला नजर देतो का. हाकेला वळतो का.
हात झाडणं कमी झालं का. आवाज थांबला का.
शेवटचा रकाना, सुधारणा.
मी लिहायचे, "थोडी."
पेन्सिलीने.

आवाज म्हणजे तो एकच,
ओठ मिटून, नाकातून, एका सुरात,
जेवताना, अंघोळीला, रिक्षात, झोप लागेपर्यंत.
"ही सवय मोडा," बाई म्हणाल्या.
मोडली आम्ही.
गप्प बसला तर चॉकलेट, नाही बसला तर चापट.
चापट माझ्या हाताची.
एप्रिलभर घर इतकं शांत होतं
की फ्रिज सुरू झाला तरी मी दचकायचे.
तो टेबलाखाली बसून असायचा
आणि बाईंनी कागदावर लाल चांदणी काढली.

मे महिन्यात एका रात्री लाइट गेली.
सासरे म्हणाले, खाडीच्या अंगाला चला, वारा असंल.
घणसोलीत खाडीकडे जाणं म्हणजे आता
सेक्टर मोजत जाणं,
आणि सासरे दर सेक्टरला थांबून सांगतात
इथे कुणाचं मिठागर होतं.
शेवटच्या इमारतीपलीकडे हाय टेन्शनचा टॉवर.
शार्दूल हात सोडवून पळाला,
कुंपणाशी उभा राहिला, मान वर.
आणि तो आवाज आला.

त्याच्याकडून नाही. वरून.
दमट हवेत तारा घुमत होत्या,
तोच सूर, नाकातला, मिटल्या ओठांचा.
आमची खिडकी त्याच तारांकडे उघडते.
अकरा वर्षं तो आवाज घरात येत होता,
आम्ही तो ऐकणं सोडून दिलं होतं,
शार्दूलने सोडलं नव्हतं, इतकंच.

सासऱ्यांनी विडी पेटवली.
"आसाच हाय तो. मीठ खारट म्हनून
कोन दवा पाजतं का त्याला?"
मला राग आला.
बोलायला काय जातं!
रात्री दोनला ओली चादर मी बदलते,
लग्नाच्या हॉलमधून त्याला उचलून मी पळते,
बँड मागे, लोकांचे डोळे मागे.
मीठ म्हणे.

तरी दुसऱ्या दिवशी चॉकलेटची बरणी
रेवाच्या दप्तरात रिकामी केली.

बाईंकडे अजून जातो, गुंडी लावायला शिकायला,
कुठे दुखतं ते बोटाने दाखवायला शिकायला.
जूनच्या कागदावर आवाजाची ओळ मी काट मारून खोडली.
रकान्यात लिहिलं, पेनने :
मिक्सर दार लावून लावते.
हाक मारण्याआधी समोर जाऊन बसते.
बाईंनी चष्मा वर केला,
"हे कुणाबद्दल?"

काल पुन्हा लाइट गेली.
मेणबत्ती सापडेना, काड्या सापडेनात,
शार्दूलला मात्र शोधावं लागत नाही अंधारात.
आवाजाशी जाऊन बसले.
मीही ओठ मिटले, लावून पाहिला.
माझा जरा वर लागला.
त्याने माझ्या गळ्यावर तळवा ठेवला,
आणि थांबला,
मी खाली येईपर्यंत.