कान दिसले पाह्यजे

गोंदियाहून निघालेली एसटी
चिचटोल्याच्या तळ्यापाशी डाव्या चाकावर बसली,
म्हणून हे फोटो आहेत.
नाहीतर मी पुढे जाऊन
वाघाच्या पाट्यांचे काढले असते.

कॅमेरा शर्टाच्या खिशात मावणारा.
बटण दाबलं की भिंग
कुरकुरत मान बाहेर काढतं.
पोरं म्हणाली, कासव हाय बे हे!
मग तासभर माझं नाव कासववाला.

हिवराज वलथरे सायकलचं पंक्चर काढत होता.
म्हटलं, वर बघू नका,
घमेल्यातल्या पाण्यात दिसताय तेवढेच हवे आहात.
त्यानं ट्यूब बुडवली,
नेमका त्याच्या गालातून
एक बुडबुडा वर आला.
“सापडलं,” तो म्हणाला.
मीही तेच म्हणणार होतो.

पारीवर बाया शिंगाडे उकडत बसलेल्या.
काळी बोटं, काळी डेग,
वाफेआड एक चेहरा अर्धा असे, अर्धा नसे.
मला तो तसाच पाहिजे होता:
एक डोळा, कपाळावरचं गोंदण,
बाकी धूर.
पडद्यावर ऊन एवढं
की काय काढतोय ते मलाच दिसेना.
अंदाजानं बोट दाबलं,
अंधारात कडी लावावी तसं.

पुस्तकलाबाई मारबते.
नावात पुस्तक, अन् अक्षराशी गाठ नाही,
हे तिनंच सांगितलं, हसत.
“दाखव बरं.”
हाताची सावली धरून तिनं पाहिलं,
बराच वेळ पाहिलं.
“माहे कान कुठी गेले?
आधारवाला म्हने, दोनी कान दिसले पाह्यजे,
नाहीतं मानूस पक्का होत नाही.”

म्हटलं, बाई, हा सरकारी नाही,
हा वेगळा फोटो आहे.
“वेगळा कायले?
मी का दोन आहो?”

तळ्यावर जाऊन तिनं तोंड धुतलं,
पदर कानामागे खोचला,
दगडावर बसली, पाठ ताठ,
हात मांड्यांवर, श्वास रोखून,
कुणावर तरी रागावल्यासारखे डोळे.
तिरपा कोन, कडेचा उजेड,
चौकटीचे तीन भाग,
सगळं खिशात घातलं
आणि समोर उभं राहून सरळ काढला.
दुपार कलली होती. ऊन माझ्या पाठीवर.

कंडक्टरनं हाक मारली.
तिनं शिंगाडे कागदात बांधून दिले,
वीस रुपये घेतले, मोजून.
पत्ता सांगितला:
तळ्याची पार, आंजनाच्या झाडाखालचं घर,
पोस्टमन ओळखतो.

घरी मोठ्या पडद्यावर दिसलं,
तिच्या मांडीवर माझी सावली पडलेली,
दोन्ही कोपरं वर, मध्ये इवलं कासव.
नवशिक्याची चूक.
छाटायला गेलो तर
तिचे हात जात होते.
राहू दिली.
लिफाफ्यात वाफेतलाही घातला,
तो माझ्या हौसेचा.

तीन आठवड्यांनी अनोळखी नंबरवरून फोन.
“कासववाला का गा?
हिवराजच्या मोबाइलवरून बोलतो मी, पुस्तकला.
भेटले दोनी.
कानवाला भितीले लावला.
धुरवाला पोरीनं सासरी नेला,
म्हने, माय चुलीपाशी अशीच दिसे.”

मला काही सुचलं नाही.

“अना आयक,
लोकं इचारतात, मांडीवर कोन बसला हाय?
मी सांगतो,
टायर फुटला होता त्याचा.”

मग आवाज गेला.
रेंज गेली असेल,
किंवा हिवराजकडे
कुणी सायकल घेऊन आलं असेल.