दोन सूत

राइवो म्हणाला, सपाटीवर गाय आहे ही.
हात सोडले तरी नाकासमोर चालते.
पण व्होरूच्या पुढे खडीचा रस्ता लागला,
एखादा उंचवटा आला,
की न विचारता उजवीकडे वळते,
जणू तिकडे तिचं कुणी आहे.

लाडा. माझ्याहून चारच वर्षांनी लहान.
दोन इंच खाली बसवलेली, रुंद चाकं,
मागच्या सीटच्या जागी लोखंडी पिंजरा.
आजवर पाच मालक झाले,
आणि प्रत्येकाने तिला थोडं थोडं शहाणं केलं.

आधी नेहमीचे संशयित.
टायरची हवा. बेअरिंग. बॉल जॉइंट हलवून पाहिले,
रबरी बुश बदलले,
दोऱ्या ताणून चाकांची तोंडं मोजली:
उभी असताना सगळं सुतात.
उभ्याउभ्या काय, कुणीही सरळच असतं.

तेव्हा स्प्रिंगा काढल्या.
स्टीअरिंग पट्ट्याने जखडलं.
चाकाच्या जागी हबला लेझर बांधला
आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवर
एक लाल ठिपका.
जॅकने हब चढवायचा, एका वेळी एक सेंटिमीटर,
ठिपका जिथे थांबेल तिथे पेन्सिलची फुली.
शेडमध्ये चार अंश. पेन्सिल बोटांत आहे की नाही
ते बघूनच कळत होतं.

चाकाला दोन हात धरून असतात.
एक भार पेलतो, एक दिशा सांगतो.
दोघे आपापल्या खुंटीभोवती झुलतात;
झोके जुळले तर चाक नुसतं वर-खाली होतं.
नाहीतर प्रत्येक धक्क्याला
दिशेचा हात जरासा ओढतो
किंवा जरासा ढकलतो.
इथे कुणीतरी बॉल जॉइंटपाशी ठोकळे घालून
भाराचा हात पुन्हा आडवा केलेला,
दिशेच्या हाताला कळवायचं राहून गेलं.

टाय रॉडच्या टोकाला मी वॉशर घातले.
दोन. तीन. साडेतीन.
डावा ठिपका भिंत सरळ चढून गेला.
उजवा विळा काढत राहिला.
अजून एक वॉशर: विळा तोच, फक्त मूठ सरकली.

पाचही मालकांचा उद्धार केला मी, क्रमाने,
तिसऱ्याचा दोनदा.
राइवो हीटरपाशी थर्मास घेऊन. "काय झालं?"
"कुठेतरी पाणी मुरतंय."

दिवा घेऊन खाली आडवी झाले.
उजव्या बाजूला, चेसिसच्या दांड्यावर,
स्टीअरिंगचा मधला दुवा जिथे लोंबतो,
त्या ब्रॅकेटवर काळ्या रंगाची पुटं.
तारेचा ब्रश. रंग, गंज, पुन्हा रंग,
मग जोड.
ब्रॅकेट खाली बसवलेलं. सहा मिलिमीटर.
दोन सूत, फार तर.

वेल्डिंग मात्र देखणं,
एकावर एक नाणी सरकवावीत तसं,
आणि शेवटी, जिथे हात उचलला,
तिथे डावीकडे वळलेली
एक बारीक शेपटी.

ती शेपटी मोडायला काल्योला दोन वर्षं लागली.
"प्रत्येक जोडाला कुत्र्याचं पिल्लू सोडतेस का?"
तो म्हणायचा. मी डावखुरी.
वाल्गामधली त्याची शेड, माझं एकोणिसावं वर्ष,
शेवटची बस सव्वासहाला
आणि मी ओळंबा न लावता,
नुसत्या नजरेने.

गाडी आठवत नाही मला.
खरंच. रंगसुद्धा नाही.
फक्त आठवतं की त्या दिवशी बस मिळाली.

"कुणी केलंय ते?" वरून राइवो.
मी ग्राइंडर सुरू केला.

रात्री साडेनऊला उजवा ठिपका सरळ चढला,
नऊ फुल्या, एकीखाली एक,
आणि आम्ही दोघं उगाचच
भिंतीकडे बघत उभे राहिलो.

बिलात मजुरीची ओळ कोरी ठेवली.
राइवोने दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं.
वॉशरचे पैसे घेतले.
वॉशर नवे होते.