कल्याण खातं

जिनिंगच्या हंगामात माझ्या वहीत
कापूस क्विंटलनं येतो, गाठींनी जातो.
सरकीचं पान वेगळं, हमालीचं वेगळं,
डिझेल, सुतळी, पाहुण्यांचा चहा.
यंदा धाकट्या मालकांनी नवं पान उघडायला सांगितलं:
वेलनेस.
मी वर ‘कल्याण’ लिहिलं
आणि रकमेचा रकाना कोरा ठेवला.

आधी बारा चटया आल्या, निळ्या,
आणि वर्ध्याहून एक सर, पांढऱ्या पायजम्यात.
दिवसभर वाकून कापूस लोटणाऱ्या बायांना
त्यांनी वाकायला शिकवलं.
कौतिका आत्राम म्हणाली,
“वाकनं येते आमाले, सर. उभं राहाचं शिकवा.”
सर हसले. पुन्हा आले नाहीत.
चटयांवर दुपारी प्रेसवरची पोट्टी झोपतात.

मग नर्स आली, प्रणोती खोब्रागडे,
स्कूटीवर, तोंडाला ओढणी गुंडाळून.
पिशवीतून तिनं एक नळी काढली
जत्रेतल्या पिपाणीएवढी, अंगावर आकडे.
“एका दमात फुंका. काटा जाईल तिथवर तुमचा श्वास.”
गुणवंत ढाले, प्रेसवर, वय बावीस: चारशे ऐंशी.
शेषराव, तेवीस हंगाम: दोनशे साठ,
फुंकून झाल्यावर तो नळीकडेच बघत राहिला,
काट्यात काही मारलं असेल तर.
मी लिहीत गेलो.
वजन नसलेला माल
पहिल्यांदाच वहीत चढत होता.

आमची सुटी सोमवारी, बाजाराच्या दिवशी.
मंगळवारी सांजेला सगळे आकडे खाली,
शनिवारपर्यंत जरा वर, पुन्हा मंगळवारी खाली.
बाया याला मंगळवारची छाती म्हणतच होत्या.
थोरले मालक म्हणायचे, सोमवारची दारू.
मैनाबाईला तर दारूचा वासही सोसत नाही,
आणि तिचा आकडा शेषरावाच्याही खाली.

पंचफुला वाघाडे नळी हातात घेईना.
“आकडा कमी आला त काढून टाकसान काय मले?”
नर्स म्हणाली, नाही.
धाकटे मालक म्हणाले, छे छे.
पंचफुला माझ्याकडे बघत होती.
हजेरी माझ्या हातची.
मागच्या हंगामात खोकणारी दोन नावं
मी खोडली नव्हती,
पुढच्या पानावर उतरवलीच नव्हती फक्त.
तिनं नळी गुणवंताकडे सरकवली. त्यानं फुंकली.
तिच्या नावापुढं मी लिहिलं, चारशे ऐंशी.
नर्सनं पाहिलं. काही बोलली नाही.

नंतर एक फॉर्म. पंधरा प्रश्न.
कामावर आनंदी वाटतं का: कधी कधी, बरेचदा, नेहमी.
मी वाचायचो, त्या हसायच्या, मी मधल्यावर खूण करायचो.
शेवटी, काही सूचना?
शेषराव म्हणाला, धूळ ओढणारा पंखा.
कौतिका म्हणाली, “संडासले कडी.
एक आत जाते, दुसरी दार धरून उभी राह्यते.
दोघींचीबी मजुरी कापता तुमी.”

पंख्याचं नागपूरहून कोटेशन आलं.
पुढच्या हंगामात पाहू, असं ठरलं.
कडी मी बाजारातून आणली.
पंचेचाळीस रुपये, स्क्रू धरून.
कल्याण खात्यातली पहिली रक्कम.

आता ऑफिसात बसलं की
रोलरच्या घरघरीतही ती कडी लागलेली ऐकू येते.
मधली पाच मिनिटं मी मोजत नाही.
मोजायचो, हे खरं आहे.

काल सुटायच्या वेळी पंचफुला दारात आली,
पदराला, भुवयांना रुई.
“दिवानजी, ते नळी हाय काय?”
तिनं फुंकली. मग थांबून पुन्हा फुंकली.
एकशे नव्वद, दोन्हीदा.
“लिवा,” म्हणाली.

माझ्या वहीत खोडाखोड चालत नाही.
चारशे ऐंशीच्या खाली, तारीख टाकून,
एकशे नव्वद लिहिलं.
वही सध्या माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
धाकटे मालक शुक्रवारी मागतील.