जसा आसा तसा

आचऱ्याच्या मच्छीमार सोसायटीत, डिझेलच्या खिडकीमागे,
पिवळा पडलेला डबा,
वर प्लास्टिकचं झाकण, झाकणावर मिठाची साय.
मागचे स्क्रू फिरेनात.
खोबरेल सोडून पंधरा मिनिटं बसले.
एक निघाला.
दुसऱ्याचं नुसतं डोकं हातात आलं.

आतून पाल चुकचुकली.
खरीखुरी पालही होती, कोपऱ्यात, वाळून कागद झालेली.
चुकचुकत होती ती डिस्क.

मी म्हटलं, काका, ही चार दिवसांची सोबती.
नवीन टाकू, वर नवी सिस्टिम घालू, सगळं चकाचक.
खवणेकर क्लार्क, कानावर पेन, शर्टाला डिझेलचा वास,
म्हणाले, चकाचक नको.
जसा आसा तसा व्हया.
एक कानो हयचो थय होवक नको.

खरं होतं त्यांचं.
सतरा वर्षांच्या याद्या एका जुन्या टंकात,
ज्यात लिहिलेली 'मासळी'
दुसऱ्या कुठल्याही मशीनवर
कंस आणि टिंबं होऊन पडते.

नवी डिस्क मी त्यांच्या तळहातावर ठेवली.
बांगड्याच्या तुकडीएवढी, हलकी, मुकी.
ह्येच्यात फिरणारा काय नाय?
नाही.
मगे ता चलता कसा?
मी उत्तर दिलं, पण ते तिलाच उलटसुलट करून बघत राहिले.

दहा वाजता नक्कल लावली.
बारापर्यंत बरी चालली.
साडेबाराला लाइट गेली, इन्व्हर्टर बीप बीप करत राहिला,
बाहेर डिझेलला आलेली माणसं कॅन वाजवत होती.
एकसष्ट टक्क्यांवर सगळं थांबलं.
एकच जागा, तिथेच वाचते, परत वाचते,
कट्, कट्,
तापून डिस्कला हात लावेना.

खवणेकर जवळ आले. स्क्रीनमधलं त्यांना काही कळत नव्हतं,
आवाज कळत होता.
जाळा खडपात आडाकला, म्हणाले.
ओढू नको. ढील दी. मगे उलट्या आंगान घे.

मी तेवढी जागा सोडली,
डिस्कखाली बर्फाची पिशवी ठेवली, बर्फाला इथे तोटा नाही,
आणि शेवटापासून मागे वाचायला लावलं.
आली.
थेंबाथेंबानं आली, पण आली.

चहा पिताना सहज विचारल्यासारखं विचारलं त्यांनी,
पुसलेलापण येतला?
येईल, मी म्हटलं, ही पद्धत रिकामी जागाही उचलते.
आणि मशीन तसं पुसत नाहीच, काका.
ही जागा मोकळी, एवढंच लिहून ठेवतं.
वर दुसरं काही येऊन बसेपर्यंत
खाली तेच असतं.

बशीतला चहा निवत राहिला.

पाच वाजता सुरू केलं. नऊ सेकंद.
तेच जुनं चित्र, तेच बारा मिनिटं मागे असलेलं घड्याळ.
इतक्या बेगीन?
रोज बटण दाबून ते टपरीवर जायचे,
परत येईपर्यंत मशीन जागं व्हायचं.
आता त्या वेळाचं काय करायचं ते सुचेना, तसे उभे होते.

मग डिझेलची यादी उघडली.
बोटाने खाली, खाली.
चाळीस. एकेचाळीस.
त्रेचाळीस.

वेताळप्रसाद, ते म्हणाले. तांडेल माजो मेवणो.
सायबान मार्चात सांगल्यान, नाव काढा, सबसिडी आडाकता.
मशीनान इचारल्यान, नक्की?
दोनदा मी नाय म्हटलंय.
आकडे मात्र त्यांनी पुढे सरकवले नव्हते.

काढून देऊ वर? मी विचारलं. सापडेल बहुतेक.
खिडकीत कुणीतरी कॅन आपटला.
ते उठले, जुनी डिस्क उचलून
वाऱ्याने उडणाऱ्या कुपनांवर ठेवली.
नको, म्हणाले.
आसा मा थय? मगे झाला.

मी पावती लिहिली : डिस्क बदलली, डेटा पूर्ण.
तुटलेल्या स्क्रूचे पैसे लावले नाहीत.