पावलं एकाच बाजूची

सव्वासातला लागतं ते तिचं कार्टून.
समुद्रकाठ, दीपगृह, टोपी घातलेला एक बगळा
आणि दोघी बहिणी, चोर हुडकणाऱ्या.
त्या दिवशी दीपगृहातली मोठी काच गेली होती
आणि वाळूत पावलं होती,
सगळी पाण्याकडं जाणारी.
परत येणारं एकही नाही.

बगळा म्हणाला, चोर बुडाला!
थोरली म्हणाली, थांब, नीट बघ.
तिनं भिंग काढायला
आणि भाळवणीची लाईट जायला
एकच गाठ.

राजनंदिनी अंधारात तशीच बसून राहिली,
भाकरी दुधात विरघळून गेली.
"आई, बुडाला नसणार.
बुडायला जाणारा काच कशाला नेईल?"
मला कुठलं ठाऊक.
मी समुद्र पाहिलाय तो सराफाच्या कॅलेंडरवर,
मे महिन्याच्या पानावर. जून आला की उलटला.

सकाळी दप्तर पाठीला लावूनच ती येरळेच्या पात्रात गेली.
पाणी नव्हतंच, खरवडून उरलेली वाळू होती.
शंभर पावलं गेली, शंभर परत आली,
वाकून मोजली. सगळी जाग्यावर.
परवाच्या शेळ्यांचे खूरसुद्धा होते
आणि रात्रीच्या ट्रॅक्टरची चाकं,
ज्यांचा तपास गावात कुणी करत नाही.
"आपल्याकडं काही पुसतच नाही," घरी येऊन म्हणाली.
"इथं नाही कळायचं."

म्हणून फोन लावला कालिकतला.
तिचे पप्पा गलाईच्या धंद्यात, अकरा वर्षं.
गल्लीच्या आत गल्ली, तिच्या आत भट्टी,
मुशीत दुसऱ्यांचं सोनं.
"पप्पा, तिथं समुद्र आहे ना?"
"आहे की."
"कसा आहे?"
बराच वेळ नुसता भट्टीचा पंखा ऐकू आला.
"नंदे, मी गेलोच नाही गं अजून.
चालत वीस मिनिटं आहे म्हणतात."

अकरा वर्षं.
वीस मिनिटं.
मी तवा घासत होते, घासतच राहिले.

पोरगी मात्र पोलीस पाटलासारखी:
"रविवारी जायचं. चप्पल काढायची.
पाण्यापर्यंत सरळ चालायचं, मग काठानं लांबवर.
मग मागं वळून काय उरलं ते सांगायचं.
खोटं सांगायचं नाही."

रविवारी फोनवर दिसलं ते थोडंथोडंच:
आभाळ, अंगठा, दुमडलेली पँट,
तेजाबानं पिवळी झालेली नखं
आणि त्यांच्यामागं काहीतरी मोठं, हलणारं,
जे फोनात मावत नव्हतं.
वाऱ्यात त्यांचा आवाज तुटत होता.
"नंदे, इतका चाललो बघ,
त्या कणसंवाल्याच्या गाड्यापासनं इथवर...
आणि मागं काहीच नाही गं.
चाललोच नव्हतो जसा."

ती उडीच मारली!
"म्हणजे तो बुडाला नाही!
पाण्याच्या कडेकडेनं चालत गेला,
लाट पुसत गेली
आणि तो लांब कुठंतरी खडकावरनं वर आला!"
पलीकडून नुसता वारा.
मग म्हणाले,
"असंल. कडेकडेनंच चालला असंल बिचारा."

बुधवारी तोच भाग पुन्हा लागला, लाईटही टिकली.
निघालं असं, की दीपगृहाच्या म्हाताऱ्यानंच
काच पुसायला नेली होती
आणि बूट उलटे घातले होते,
का, ते काही मला समजलं नाही.
राजनंदिनीनं टीव्ही बंद केला.
"यांना जमलं नाही," म्हणाली,
वहीत लिहिलं: चोर जिवंत आहे. खडक शोधणे बाकी.

आता दर रविवारी फोन येतो तो समुद्रावरनं.
परवा मी तिच्या हातातनं काढूनच घेतला.
म्हटलं, जरा मागं फिरवा बघू,
तुम्ही आलात त्या बाजूला.
त्यांनी फिरवला.
ओली, सपाट, चकचकीत वाळू.
मी पुष्कळ वेळ बघत होते.