वाऱ्याची मोट

पुन्ता अरेनासच्या चौकात वारा चढला
की नगरपालिका दोर बांधते,
माणसांनी धरून रस्ता ओलांडावा म्हणून.
आज दोराला चार पाहुणे लोंबकळत होते:
हॅम्बुर्ग, कोबे, उल्सान आणि मस्कतचा होमैद.
चौघांचे टाय खांद्यावरून मागे, एकाच दिशेला.
झोर्का बारिएन्तोस, दुभाषी, मनात म्हणाली,
निदान एवढ्यावर यांचं एकमत आहे.

सभागृहात नकाशा उलटा टांगलेला.
आमचं टोक वर, युरोप तळाशी.
कुणी म्हणालं मुद्दाम, कुणी म्हणालं चुकून.
सरळ मात्र कुणी केला नाही.

हॅम्बुर्गचा बोलत राहिला:
इथल्या वाऱ्यानं पाणी फोडायचं,
हायड्रोजन अमोनियात कोंडायचा,
मोटेचं तोंड आवळून जहाजात चढवायची,
म्हणजे ऐन थंडीत गॅसची चावी पिळून
कुणी आम्हाला गुडघ्यावर आणणार नाही.
झोर्का भाषांतर करता करता अडखळली.
ती चावी आता कुणाच्या खिशात,
हे वाक्यात कुठे नव्हतंच.

मागच्या बाकावर अनसेल्मो, मेंढ्या कातरणारा,
लोकरीच्या तेलानं हात बाईसारखे मऊ.
पाणी कुठलं घेणार?
समुद्राचं.
मग उरलेलं मीठ?
तिघांनी कागद चाळले.

चहाच्या वेळी होमैद हळूच जवळ आला.
तुमच्याकडेही तेल होतं म्हणे. आटलं तेव्हा काय झालं?

झोर्काला पणजा आठवला, सामुद्रधुनीत जहाजांना वाट दाखवणारा;
पनामाचा कालवा उघडला
आणि एकेक शिडी, एकेक भोंगा दुसरीकडे वळला.
आजोबा पलीकडच्या बेटावर तेलाच्या वसाहतीत गेले.
ती म्हणाली, आधी सिनेमाघर बंद झालं.
मग?
मग शाळेत मुलं मोजायला एक हात पुरू लागला.
त्यानं वहीत काहीतरी लिहिलं,
उजवीकडून डावीकडे, सावकाश,
आणि साखर न घालताच चहा ढवळत राहिला.

करारात वाऱ्याचं माप टनांत होतं.
सही करायला पेन तीनदा बदलावं लागलं.

बाहेर आले तेव्हा वारा साफ पडलेला.
वाकून वाढलेली झाडं तशीच वाकलेली, सवयीनं.
अनसेल्मो खिशात हात घालून चौक ओलांडून गेला.
पाहुणे दोर धरून उभे होते.
सोडायचा का, असं कोबेच्या माणसानं विचारलं.
झोर्कानं ते कुणालाच भाषांतर करून सांगितलं नाही.